निष्काम कर्म आणि समाजाचे ऋण

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्णाने अर्जुनाला युद्धास उभे करताना योद्ध्यापुढे दोन फले ठेवली आहेत: रणात देह पडला तर स्वर्ग, आणि जय मिळाला तर पृथ्वीचे राज्य. ज्याच्या कुळाचा हस्तिनापूरच्या गादीवर हक्क होता त्या राजपुत्राला हा हिशेब पुरेसा होता. परंतु प्रत्येक सैन्यात जे सहस्रावधी सामान्य शिपाई उभे असतात, त्यांतला जो मरतही नाही आणि ज्याच्या वाट्याला राखलेल्या भूमीतला बिघाभर तुकडाही येत नाही, जो पंधरा-वीस वर्षे सीमेवर घालवून चाळिशीच्या अलीकडेच एक लोखंडी ट्रंक आणि डिस्चार्ज बुक घेऊन गावी परततो, त्याला कोणते फल मिळावे, आणि ते कोणी द्यावे, हा प्रश्न त्या श्लोकाच्या कक्षेबाहेर राहतो. हा केवळ खजिन्याचा आणि कचेऱ्यांचा प्रश्न आहे असे मानून त्यापासून मोकळे होण्याची आपली वहिवाट आहे. माझ्या मते तो मूलतः धर्माचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आपण कोणत्या भावनेने देतो यावरच निवृत्तिवेतन, औषधोपचार, नोकरीतील राखीव जागा, मुलांची वसतिगृहे या सर्व तरतुदींचे खरे स्वरूप ठरते.

2015 च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या जंतरमंतरवर पदके छातीवर लावलेले वृद्ध माजी सैनिक समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन या मागणीसाठी उपोषणाला बसले, तेव्हा त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्या अनेकांच्याही मनात एक अस्वस्थता उमटली होती. देशासाठी प्राण पणाला लावणाऱ्याने पैशाचा हिशेब मांडावा काय, कर्तव्य हे कर्तव्य म्हणूनच करावयाचे असेल तर त्याच्या मोबदल्याची मागणी त्या कर्तव्याचे तेज मंद करीत नाही काय, असा तो विचार होता, आणि त्याच्या मुळाशी गीतेतील निष्काम कर्माची शिकवणच होती. या विचारात सात्त्विकता आहे, म्हणूनच तो गंभीरपणे तपासला पाहिजे. फलाची आसक्ती न धरता कर्म करावे हा उपदेश ज्याला केला आहे तो कर्ता आहे. त्याच्या चित्तशुद्धीसाठी, त्याच्या समत्वासाठी तो सांगितला आहे. त्या कर्माचा लाभ ज्याने घेतला त्याला उद्देशून तो कोठेही सांगितलेला नाही. शिपायाने मोबदल्याकडे न पाहता पहारा करावा हे त्याच्या साधनेचे अंग झाले. परंतु त्याने पाहिले नाही म्हणून मी देणे लागत नाही, असे ज्याच्या घरावर पहारा झाला त्याने म्हणावे, हे गीतेचे तत्त्वज्ञान ऋणकोच्या सोयीसाठी वापरणे होय. एकाच्या वैराग्यावर दुसऱ्याचा लोभ पोसला जावा असा कोणत्याही धर्मशास्त्राचा अभिप्राय असू शकत नाही.

आपल्या परंपरेने या बाबतीत कधी संदिग्धता ठेवलेली नाही. महाभारताच्या सभापर्वात नारदमुनी युधिष्ठिराच्या सभेत येतात आणि राजधर्माविषयी त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारतात. त्यांत सैन्याचे अन्न आणि वेतन तू ठरल्या वेळी, यथोचित देतोस ना, त्यात दिरंगाई तर करीत नाहीस ना, असा एक प्रश्न आहे, आणि जे तुझ्यासाठी मृत्यू पावले अथवा संकटात सापडले त्यांच्या स्त्रियांचे तू पोषण करतोस ना, असाही आहे. चित्रकूटावर भेटीस आलेल्या भरताला श्रीरामाने राज्यकारभाराची जी विचारपूस केली तीतही सैनिकांच्या वेतनाला उशीर होत नाही ना, ही पृच्छा आली आहे. पित्याच्या निधनाचा शोक आणि वनवासाचे दुःख यांनी भारलेल्या त्या प्रसंगी शिपायाच्या पगाराची आठवण व्हावी, यावरून आदिकवीला ती बाब किती मोलाची वाटली हे दिसते. कौटिल्याने अर्थशास्त्रात कामावर असताना मरण पावलेल्यांच्या पुत्रांना आणि स्त्रियांना अन्नवेतन मिळावे, त्यांच्यावर अवलंबून असणारी मुले, वृद्ध आणि रुग्ण यांच्यावर राजाने अनुग्रह करावा, असा नियमच घालून दिला. युद्ध संपल्यावरचा युधिष्ठिरही पाहावा: शांतिपर्वात, भीष्मांचा उपदेश ऐकण्यापूर्वीच, पती आणि पुत्र गमावलेल्या स्त्रियांची, अंध आणि निराधार लोकांची निवासवस्त्रांसह व्यवस्था तो लावतो. राज्य मिळाल्यानंतरची त्याची ही आरंभीचीच कृत्ये आहेत.

मराठ्यांच्या राज्यातही लढाईत कामास आलेल्या शिपायाच्या अज्ञान मुलांना बालपरवेशी म्हणून नेमणूक करून देण्याची रीत होती. दप्तरात बालपरवेशीच्या ज्या नोंदी आढळतात त्यांत सरदारांबरोबर साध्या लोकांचीही कुटुंबे आहेत. एवढ्यावरून ते राज्य आदर्श होते असे मी म्हणत नाही. तनखा थकण्याची आणि फौजेने धरणे धरण्याची उदाहरणे त्याच दप्तरांत मुबलक आहेत. परंतु देणे थकले तेव्हा ते देणे म्हणूनच थकले. ते नव्हतेच, असे म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही.

देण्याच्या तीन रीती आपण जाणतो आणि त्यांचा नैतिक आशय भिन्न आहे. दानात दाता वर असतो आणि घेणारा खाली. दान कधी द्यावे, किती द्यावे, हे दात्याच्या मर्जीवर असते, आणि पुण्यही त्याच्याच खाती जमा होते. वेतनात दोघे समान पातळीवर येतात, परंतु महिनाअखेर पैसे मोजले की संबंध संपतो. ऋण हे या दोहोंहून निराळे आहे: त्यात देणारा बांधलेला असतो, घेणाऱ्याला मागण्याचा हक्क असतो, आणि फेडताना नम्रता हीच शोभते. सैनिकाला निवृत्तीनंतर जे मिळते ते दान आहे असे मानणारे राज्यकर्ते त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करतात. ते केवळ वेतनाचा उत्तरभाग आहे असे मानणारे हिशेबनीस त्यात काटछाट शोधतात. आणि ते ऋण आहे असे ज्यांनी मानले त्यांनीच कायद्याला योग्य दिशा दिली. 17 डिसेंबर 1982 रोजी, मुख्य न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नाकरा खटल्यात असा निर्णय दिला, की निवृत्तिवेतन हे मालकाच्या लहरीवर अवलंबून असलेले अनुग्रहाचे देणे नव्हे. ते केलेल्या सेवेबद्दलचे देणे आणि वार्धक्यातील सामाजिक न्यायाचे साधन आहे. तो निर्णय केवळ सैनिकांपुरता नव्हता. न्यायालयाची भाषा कायद्याची होती, परंतु दान आणि ऋण यांतला जो भेद धर्मशास्त्राने केला तोच तिथे पुन्हा उच्चारला गेला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. शेतकरी अन्न पिकवतो, सफाई कामगार गटारात उतरून प्राण गमावतो, खाणीतला मजूर फुप्फुसे झिजवतो. त्यांचे ऋण नाही काय? आहे, निश्चित आहे, आणि सैनिकाचे ऋण मोठे करून त्यांचे लहान करण्याचा अधिकार कोणालाही नाही. शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचे ऋणही सांगितले आहे. त्यात हे सर्व येतात. तथापि सैनिकाच्या सेवेत एक अंश असा आहे जो अन्यत्र नाही. भारतीय संविधानाच्या 33 व्या अनुच्छेदाने सेनादलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क शिस्तीसाठी मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. सैनिकाला संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही, आणि मरणाचा संभव दिसत असताना आज्ञेला नकार देता येत नाही. नकाराचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याचा गाभा आहे, आणि तो हक्क सैनिक आपल्या तारुण्याची सर्व वर्षे समाजाच्या स्वाधीन करतो. ज्याने स्वतःचा आवाज तारण ठेवला त्याची बाजू, तो परत येईपर्यंत आणि आल्यानंतरही, इतरांनी मांडली पाहिजे. ती तो स्वतः मांडू लागला म्हणजे आपल्या कर्तव्यात कसूर झाली असे समजावे. जंतरमंतरवरील अस्वस्थतेचे खरे कारण मला तेथे दिसते. मागणी करणाऱ्यांनी मर्यादा सोडली नव्हती. मागणी करण्याची पाळी त्यांच्यावर आपण आणली होती.

शिवाय सैन्य तरुण राहावे ही गरज राष्ट्राची असते. साधा जवान अठरा-वीसच्या वयात भरती होतो आणि चाळिशी गाठण्यापूर्वीच, मुले शाळेत असताना, घराचे कर्ज डोक्यावर असताना, निवृत्त होतो. मुलकी नोकरीतला त्याचा समवयस्क अजून वीस वर्षे पगार घेणार असतो, प्रत्येक वेतन आयोगाचा लाभ त्याला मिळणार असतो; आणि सैनिकाचे निवृत्तिवेतन मात्र ज्या वर्षी तो बाहेर पडला त्या वर्षीच्या मानाशी जखडून राहत असे. एकाच हुद्द्यावर, तेवढीच वर्षे सेवा करून, निरनिराळ्या सालांत निवृत्त झालेल्यांच्या उत्पन्नात जे अंतर पडत गेले त्याचे मूळ हेच. 7 नोव्हेंबर 2015 च्या शासकीय आदेशाने 1 जुलै 2014 पासून समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन हे तत्त्व अमलात आले आणि दर पाच वर्षांनी फेरआकारणीची मुदत ठरली. मुदत वर्षाची असावी की पाच वर्षांची, यावर वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि मार्च 2022 मध्ये न्यायालयाने शासनाची योजना ग्राह्य धरली. व्यवहाराच्या दृष्टीने तो प्रश्न तेथे मिटला असे म्हणता येईल. तत्त्वाच्या दृष्टीने त्यातून एवढे घ्यावयाचे की, ऋण हे फेडले जाईपर्यंत धनकोच्या गरजेबरोबर बदलत राहते. ते एका सालात गोठवून ठेवता येत नाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत तरुणांना कायम सेवेत स्थान, आणि उरलेल्यांना सुमारे 11 लाख 71 हजार रुपयांचा सेवानिधी, ज्यातला निम्मा त्यांच्याच वेतनातून कापलेला. निवृत्तिवेतन आणि उपदान नाही, असे तिचे स्वरूप आहे. सैन्याच्या रचनेसाठी आणि खजिन्याच्या भारासाठी या योजनेच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात ते तज्ज्ञांनी तपासावेत. धर्मविचाराच्या बाजूने मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: ऋण हे काळाच्या लांबीने मोजावयाचे की धोक्याच्या खोलीने? चार वर्षांच्या शिपायाला लागणारी गोळी वीस वर्षांच्या शिपायाला लागणाऱ्या गोळीहून हलकी नसते. मुदत संक्षिप्त केली म्हणून दायित्व संक्षिप्त होत नाही. उलट तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, शिक्षण खंडित झालेल्या वयात, जो बाहेर पडणार त्याच्या पुढच्या आयुष्याची उभारणी हे त्या ऋणाचे मुख्य अंग ठरते. एकरकमी पैसा हातात देऊन हिशेब बंद करणे ही वेतनाची रीत आहे, आणि येथे संबंध ऋणाचा आहे.

ऋणाची खरी कसोटी फेडण्याच्या रीतीत लागते. निवृत्तांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याने आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून जिना चढावा, हे आता संगणकामुळे पुष्कळ अंशी टळले असले तरी सर्वत्र टळलेले नाही. मृत जवानाच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन अडते ते बहुधा नावाच्या तफावतीवर: आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलण्याची चाल, पलटणीच्या दप्तरात एक नाव, आधारपत्रावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे, आणि नवऱ्याने हयातीत पार्ट टू ऑर्डर (दप्तरातील अधिकृत नोंद) करून घेतलेली नसली तर त्या विधवेला प्रतिज्ञापत्रे आणि तलाठ्याचे दाखले घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या आणि अभिलेख कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नियम दुष्ट नाहीत; खोटे दावे रोखण्यासाठी ते केले आहेत. परंतु ज्या नियमात पुरावा देण्याचा सर्व भार धनकोवर टाकला जातो तेथे ऋणाची भावना जाऊन दानाची भावना नकळत आत शिरते. 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भार उलटा केला: भरतीच्या वेळी निरोगी म्हणून घेतलेला शिपाई पुढे आजारी होऊन बाहेर पडला, तर तो आजार सेवेमुळेच जडला असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचे शासनाने सिद्ध करावे. हाच न्याय कागदोपत्रांच्या प्रत्येक टेबलापर्यंत पोचला पाहिजे. शौर्यपदकाचा भत्ता विधवेने पुनर्विवाह केला तर बंद व्हावा, आणि दिराशीच विवाह केला तर मात्र चालू राहावा, ही अट शासनाने 2017 मध्ये काढून टाकली. ती इतकी वर्षे टिकली याचे कारण, पदक देताना आपण वीराचा गौरव करीत होतो आणि त्याच्या पत्नीला मात्र त्याच्या घराण्याची मिळकत समजत होतो.

आणि तरीही ऋणफेडीचा सर्वोच्च प्रकार पैशाचा नाही. पुण्याजवळ खडकी येथे जायबंदी सैनिकांना हातकाम शिकविणारी क्वीन मेरीज् टेक्निकल इन्स्टिट्यूट ही 1917 साली सुरू झालेली संस्था आहे. पुण्यातच 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, आणि कंबरेखाली लुळे पडलेल्यांसाठी 1974 पासून खडकीत पुनर्वसन केंद्र आहे. या संस्थांमागची दृष्टी अशी की माणसाला केवळ जगवून ऋण फिटत नाही, त्याचे कर्तृत्व त्याला परत मिळाले पाहिजे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचारांचा भाग म्हणून पोहू लागले, आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले. भारतीय खेळाडूचे त्या स्पर्धेतले ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. पराक्रम त्यांचा होता, त्याचे श्रेय दुसऱ्या कोणाला देता येत नाही. पण पाण्यात उतरण्याची संधी मात्र कोणीतरी द्यावी लागते.

या संदर्भात महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातले एक प्रकरण विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणात दापोलीस निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. गावगाड्यात ज्यांना बलुत्याच्या भाकरीवर आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर जगावे लागे, त्या समाजातील या माणसांच्या हाती सरकारी खजिन्यातून येणारे, कोणा पाटलाला बंद करता न येणारे उत्पन्न होते. 1886 मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी तेथूनच अस्पृश्यतेवर लेखणी चालविली, आणि महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्जही केला. लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर दापोलीत आणि पुढे सातारला राहिले, आणि त्यांच्या घरात पुस्तकांना अन्नाइतकेच महत्त्व होते. त्यांचा पुत्र पुढे या देशाच्या संविधानाचा शिल्पकार झाला. ब्रिटिश सरकारने ते निवृत्तिवेतन समाजक्रांतीसाठी दिले नव्हते, आणि भरती बंद करून त्याच सरकारने पुढच्या पिढीचा तो मार्ग अडविलाही. तरी हक्काने मिळालेल्या थोड्याशा उत्पन्नामुळे माणसाची मान किती ताठ होऊ शकते, हे त्या वस्तीने दाखवून दिले. दानावर जगणाऱ्याला दात्याविरुद्ध बोलता येत नाही. हक्कावर जगणाऱ्याला येते. म्हणूनच सैनिकाचे देणे हक्क म्हणून पोचणे हे त्याच्या पोटापुरते महत्त्वाचे नसून सबंध समाजाच्या स्वातंत्र्यासाठी महत्त्वाचे आहे.

ऋणाला दुसरीही बाजू आहे. सैनिक हा समाजाचा धनको आहे, स्वामी नाही. गणवेश उतरविल्यावर तो पुन्हा नागरिक होतो, आणि नागरिकांत उच्चनीच भाव नाही. आपल्या सेवेचे स्मरण तो स्वतः जितके कमी करील तितके समाजाने अधिक करावे, हेच या संबंधाचे सौंदर्य आहे. निष्कामता आणि कृतज्ञता या एकमेकींची जागा घेत नाहीत. एक कर्त्याची आणि दुसरी लाभार्थ्याची, आणि दोन्ही असतील तेव्हाच कर्माचे वर्तुळ पूर्ण होते.

1949 पासून दर वर्षी 7 डिसेंबरला आपण ध्वजदिन पाळतो, शाळकरी मुले पेटी घेऊन येतात, आणि आपण ऐपतीप्रमाणे नाणे टाकून छोटा ध्वज छातीवर लावतो. तो निधी माजी सैनिकांच्या आणि शहीद कुटुंबांच्या उपयोगी पडतो, आणि तो द्यावा. परंतु त्या दिवशीचे नाणे हे दान आहे, आणि दानाने ऋण फिटत नाही, एवढे भान ठेवावे. ऋण फिटते ते कचेरीतल्या कारकुनाने त्या विधवेचा अर्ज त्याच दिवशी पुढे पाठविल्याने, मालकाने चाळीस वर्षांच्या माजी सैनिकाला केवळ दरवाजावरच्या रखवालीपलीकडची जबाबदारी दिल्याने, शाळेने बदल्यांमुळे खंड पडलेल्या त्याच्या मुलाला सामावून घेतल्याने, आणि आमदार-खासदारांनी निवडणुकीच्या सभेत सैनिकाचा जयघोष करण्यापूर्वी त्याच्या थकलेल्या देण्याची चौकशी केल्याने. नारदांनी युधिष्ठिराला प्रश्न विचारले तेव्हा राजा एक होता. लोकशाहीत ते प्रश्न प्रत्येक मतदाराला विचारलेले आहेत, आणि त्यांची उत्तरे आपल्यालाच द्यावयाची आहेत.